विश्लेषण : आयुर्वेद, होमिओपॅथी की निसर्गोपचार? पदवीनंतर दवाखान्यात नेमके काय करता येते?

‘नीट’चा निकाल लागला, की एमबीबीएसची सरकारी जागा थोडक्यात हुकलेल्या हजारो घरांत एकच चर्चा सुरू होते. बीएएमएस घ्यायचे, बीएचएमएस घ्यायचे, की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची? अलीकडे त्यात निसर्गोपचाराच्या पदवीचीही भर पडली आहे. समाजमाध्यमांवर ‘होलिस्टिक हेल्थ’चा बोलबाला असल्याने या क्षेत्राला मागणी आहे, यात शंका नाही. पण पदवीचे नाव आणि त्या पदवीने मिळणारा कायदेशीर अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडेपाच वर्षे आणि काही लाख रुपये खर्च करण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा. रुग्णांनाही तो माहीत असणे तितकेच गरजेचे आहे.

अभ्यासक्रम कोणते आणि प्रवेश कसा?

आयुर्वेदासाठी बीएएमएस, होमिओपॅथीसाठी बीएचएमएस आणि युनानीसाठी बीयूएमएस या तीन पदव्या महाराष्ट्रात प्रामुख्याने घेतल्या जातात. प्रत्येकीचा कालावधी एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. राज्याच्या कोट्यातील जागा सीईटी कक्षामार्फत, तर अखिल भारतीय कोट्यातील जागा आयुष मंत्रालयाच्या केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात. महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात.

राज्यात आयुर्वेद महाविद्यालयांची संख्या शंभराहून अधिक आहे. वरळीचे पोदार किंवा पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय यांसारख्या जुन्या संस्थांकडे रुग्णांची स्वतःची गर्दी आहे. मात्र गेल्या काही वर्षांत आडगावी उभ्या राहिलेल्या अनेक खासगी महाविद्यालयांच्या रुग्णालयात विद्यार्थ्यांना शिकायला पुरेसे रुग्णच नसतात. केवळ कागदावर दाखवलेले अध्यापक ही तक्रारही जुनी आहे. जागा रिकाम्या राहतात म्हणून काही वर्षी अखेरच्या फेऱ्यांमध्ये पात्रतेचे पर्सेंटाइल कमी करावे लागले. त्यामुळे महाविद्यालय निवडताना इमारत आणि वसतिगृह पाहण्याऐवजी तेथील बाह्यरुग्ण विभागात सकाळी अकरा वाजता किती रुग्ण बसलेले असतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

२०२० मध्ये संसदेने दोन कायदे करून आधीच्या केंद्रीय परिषदा मोडीत काढल्या. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांच्यासाठी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग, तर होमिओपॅथीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आला. या यादीत एक नाव दिसत नाही, ते म्हणजे निसर्गोपचार.

निसर्गोपचाराच्या पदवीचे वेगळेपण काय?

बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार व योगशास्त्राची पदवी, हीदेखील साडेपाच वर्षांची. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र असे विषय त्यात शिकवले जातात. उपचार मात्र औषधाविना : जलोपचार, कटिस्नान, मातीपट्टी, उपवास, आहारनियमन, मसाज, योगासने आणि प्राणायाम. कर्नाटकातील उजिरे येथे १९८९ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय या क्षेत्रात अग्रणी मानले जाते. तमिळनाडूत सरकारी महाविद्यालयही आहे.

महाराष्ट्राचे या उपचारपद्धतीशी नाते जुने आहे. महात्मा गांधींनी १९४५ मध्ये पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्यासोबत निसर्गोपचाराचा न्यास स्थापन केला. ताडीवाला रस्त्यावरील त्यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी अनेकदा मुक्कामाला असत. त्याच जागेत १९८६ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. न्यासाची स्थापना १८ नोव्हेंबरची म्हणून तो दिवस आता निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. १९४६ मध्ये उरुळीकांचनला गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाई यांनी तो नावारूपाला आणला. पुण्याजवळ येवलेवाडी येथे उभारलेल्या ‘निसर्ग ग्राम’ या संकुलाचे लोकार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले.

जाता जाता एक गोष्ट. निसर्गोपचार हा ‘प्राचीन भारतीय वारसा’ म्हणून सांगितला जातो. उपवास आणि पथ्य आपल्याकडे होतेच. पण कटिस्नान, घर्षणस्नान, मातीपट्टी ही आजची पद्धत बरीचशी लुई कुन्हे आणि अडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकांकडून आली. गांधीजींनी ती त्यांच्याच पुस्तकांतून उचलली.

तर मुद्दा असा, की एवढा इतिहास असूनही २०२० च्या केंद्रीय कायद्यात योग आणि निसर्गोपचाराचा समावेश झाला नाही. देशभर लागू असलेली नोंदणी या पदवीधरांसाठी नाही. कर्नाटकसारख्या काही राज्यांत त्यांची अधिकृत नोंदणी होते, इतरत्र परिस्थिती वेगवेगळी आहे. एका राज्यात पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात केंद्र सुरू करायचे असेल, तर तिथे नोंदणी होते का हे प्रवेशाआधीच विचारावे लागते. बहुतेक पदवीधर निसर्गोपचार केंद्रे, रिसॉर्ट, वेलनेस हॉटेल आणि योगसंस्थांमध्ये काम करतात. परदेशी पाहुण्यांच्या केंद्रांत पैसा बरा आहे. पण ती नोकरी आदरातिथ्य उद्योगाच्या चढउतारांशी बांधलेली असते, हे करोनाकाळात सगळ्यांनी पाहिले.

सहा महिन्यांच्या पदविकेने ‘डॉक्टर’ होता येते का?

नाही. ‘नॅचरोपॅथी डिप्लोमा’, ‘अल्टरनेटिव्ह मेडिसिन’, ‘इलेक्ट्रोपॅथी’ अशा नावांचे पत्रव्यवहाराने वा ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम मोबाइलवर सतत दिसतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशातच मान्यता नसलेल्या पद्धतींमध्ये पदवी-पदविका देऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी फक्त मान्यताप्राप्त पद्धतींच्या नोंदणीकृत व्यावसायिकांनी लावावी, असे स्पष्ट केले होते. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यांवर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ मधील कलम ३३ नुसार गुन्हे दाखल होतात. ‘बोगस डॉक्टर’ म्हणून पकडल्या जाणाऱ्यांच्या भिंतीवर बहुधा अशीच एखादी चौकटीतली पदविका लटकलेली असते.

योगशिक्षकाचे काम वेगळे. त्यासाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळाच्या विविध स्तरांच्या परीक्षा आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या, १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या संस्थेतही शिकता येते. पण योगशिक्षकाने रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगणे हे त्याच्या कामात बसत नाही.

बीएएमएस डॉक्टर अ‍ॅलोपॅथीची औषधे देऊ शकतो का?

या एका प्रश्नावर महाराष्ट्रातील निम्मी खेडी उभी आहेत. तालुक्याच्या गावातल्या ‘डॉक्टर’च्या पाटीवर बीएएमएस असते आणि आत सलाइन, अँटिबायोटिक, इंजेक्शन सगळे चालू असते. रुग्णालाही तेच हवे असते. आयुर्वेद शिकून काढा लिहून देणाऱ्या वैद्याकडे शहरात गर्दी होते, गावात नाही, हा या क्षेत्रातला जुनाच विरोधाभास.

कायदा काय सांगतो? अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहून देण्याचा अधिकार मूलतः राज्य वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्यांचा. मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २(ईई)(iii) या तरतुदीनुसार राज्य सरकार इतर पद्धतींच्या व्यावसायिकांना तसे घोषित करू शकते. महाराष्ट्राने १९९२ मध्ये अधिसूचना काढून भारतीय चिकित्सा पद्धतीच्या नोंदणीकृत पदवीधरांना, त्यांना मिळालेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत, आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी घोषणा वैध ठरवली. पण एक अटही सांगितली. राज्याच्या कायद्याने आधुनिक वैद्यकाच्या वापराचा अधिकार दिला असेल, तरच ही मुभा टिकते.

म्हणजे हा अधिकार देशभराचा नाही. नागपूरच्या बीएएमएस डॉक्टरला मिळणारी मुभा सीमेपलीकडच्या राज्यात मिळेलच असे नाही. शिवाय ‘प्रशिक्षणाच्या मर्यादेत’ या शब्दांचा अर्थ लावण्याची वेळ येते ती बहुधा रुग्ण दगावल्यावर, ग्राहक न्यायालयात.

होमिओपॅथीचा वाद कुठे अडला?

१९९२ च्या अधिसूचनेचा लाभ होमिओपॅथीला नव्हता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात कठोर निकाल दिला. तापाच्या रुग्णाला एका होमिओपॅथी डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला. जी पद्धत शिकलेली नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे, वेगळा पुरावा लागत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि भरपाई द्यायला लावली.

तरीही राज्यात हजारो होमिओपॅथ प्रत्यक्षात अ‍ॅलोपॅथीच वापरत होते. यावर तोडगा म्हणून राज्य सरकारने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथना ठरावीक औषधे देता येतील, अशी ती सोय. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

प्रश्न चिघळला तो २०२५ मध्ये. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने जूनअखेर अधिसूचना काढून सीसीएमपीधारकांची स्वतंत्र नोंदणी सुरू करण्याचे जाहीर केले. डॉक्टरांनी संपाचा इशारा दिला, जुलैमध्ये सरकारने पाऊल मागे घेऊन समिती नेमली. मग होमिओपॅथ आंदोलनाला बसले. सप्टेंबरमध्ये सरकारने नोंदणीचा आदेश पुन्हा दिला आणि १८ सप्टेंबरला राज्यातील डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. एका बाजूला ‘एका वर्षात औषधशास्त्र कसे येईल’ हा रास्त प्रश्न. दुसऱ्या बाजूला ‘एमबीबीएस डॉक्टर खेड्यात येत नाहीत, मग रुग्ण कोण तपासणार’ हाही तितकाच रास्त. सरकारने मात्र दोन्ही प्रश्नांचे उत्तर मोर्चा कुणाचा मोठा यावर सोडल्यासारखे दिसले. बीएचएमएसला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला ‘नंतर सीसीएमपी करून घे, सगळे चालते’ असा सल्ला मिळतो तेव्हा हा अडकलेला इतिहास सांगितला जात नाही.

शस्त्रक्रियेचे काय?

बीएएमएसनंतर आयुर्वेदातील शल्य किंवा शालाक्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय परिषदेने ५८ शस्त्रक्रियांची यादी जाहीर केली. त्यात ३९ सर्वसाधारण आणि १९ डोळे, कान, नाक, घसा, दात यांच्याशी संबंधित होत्या. ११ डिसेंबरला आयएमएने देशव्यापी बंद पाळला. मूळव्याध आणि भगंदरासाठी आयुर्वेदातील क्षारसूत्र चिकित्सेला सर्जनही मानतात. वादाचा विषय आहे तो ॲपेंडिक्स, पित्ताशय यांसारख्या शस्त्रक्रियांचा आणि त्यासाठी लागणाऱ्या भूलतज्ज्ञाचा. साध्या बीएएमएस पदवीला मात्र ही यादी लागू नाही.

नोकऱ्या कोणत्या, पगार किती?

सार्वजनिक आरोग्य व्यवस्था बीएएमएस डॉक्टरांवर किती अवलंबून आहे, हे आकड्यांपेक्षा जागांवरून कळते. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या प्रत्येक पथकात दोन आयुष डॉक्टर असतात. १०८ रुग्णवाहिकेत बहुधा बीएएमएस डॉक्टरच असतो. मेळघाट, नंदुरबारसारख्या आदिवासी भागातील भरारी पथकांत तेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात गट-ब वैद्यकीय अधिकारी म्हणूनही ते काम करतात. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केल्यावर मिळते. त्यात २५ हजार रुपये मासिक मानधन आणि कामगिरीनुसार कमाल १५ हजार रुपये अशी रचना होती.

यातील बहुतेक जागा कंत्राटी. दर वर्षी करार वाढवून घ्यायचा, मानधन रखडले की जिल्हा परिषदेसमोर बसायचे, हे चक्र ठरलेले. खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचा निवासी डॉक्टर म्हणून बीएएमएस, बीएचएमएस पदवीधर मोठ्या संख्येने घेतले जातात. एमबीबीएसपेक्षा कमी पगारात मिळतात, हेच त्याचे कारण.

समान वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात आयुर्वेद डॉक्टरांची मागणी फेटाळली. अपघात व तातडीच्या रुग्णांवरील उपचार, शवविच्छेदन अशी कामे एमबीबीएस डॉक्टर करतात. म्हणून दोघांचे काम समान नाही, असे कारण दिले. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही पद्धतींच्या डॉक्टरांच्या सेवाशर्ती आणि निवृत्तीचे वय समान असावे का, हा मुद्दा न्यायालयानेच मोठ्या पीठाकडे सोपवला.

स्वतंत्र व्यवसायात चित्र थोडे वेगळे आहे. पंचकर्म, वंध्यत्व, त्वचाविकार, सांधेदुखी यांवर काम करणाऱ्या शहरी वैद्यांचा जम बसतो, पण त्याला दहाएक वर्षे लागतात. एमडी किंवा एमएस आयुर्वेदासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि आणखी तीन वर्षे जातात. औषधनिर्मिती कंपन्या, औषधी वनस्पतींची लागवड, संशोधन, आरोग्य विमा कंपन्यांतील दाव्यांची छाननी हेही मार्ग आहेत. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांप्रमाणेच संरक्षण देण्यास सांगितल्यावर या शेवटच्या कामात आयुष पदवीधरांची गरज वाढली.

रोजच्या आरोग्यासाठी हे उपचार कितपत भरवशाचे?

लोक ते वापरतात, हे नक्की. जुलै २०२२ ते जून २०२३ दरम्यानच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात वर्षभरात आयुष पद्धतींचा प्रतिबंध किंवा उपचारासाठी वापर केलेल्यांचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के, तर शहरांत ५३ टक्के आढळले. म्हणजे काढा, चूर्ण आणि अभ्यंग ही खेड्यापेक्षा शहराची गोष्ट झाली आहे.

परिणामकारकतेचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. जुनाट कंबरदुखीसाठी योगासने उपयोगी पडतात याला चांगला पुरावा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत गोळ्यांच्या आधी ज्या उपायांचा विचार करावा असे म्हटले, त्यात योगही होता. वेळेवर झोप, हंगामी भाजीपाला, चालणे, तळलेले कमी करणे या बाबतीत वैद्य, निसर्गोपचारक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्यात मतभेद नाहीत. मतभेद सुरू होतात ते ‘मधुमेह मुळापासून बरा’ या वाक्यापाशी.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हा समज सर्वांत धोकादायक. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असावी, असे म्हटले. हा खुलासा खरा मानला तरी रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न तोच राहतो : बाजारातून आणलेल्या पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे त्याला कोण सांगणार?

दुसरा मुद्दा धातूंचा. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. रसशास्त्राचे अभ्यासक म्हणतात, नीट शोधन-मारण केलेले भस्म सुरक्षित असते. पण ते तसे केले आहे का, हे डबीवरून कळत नाही. कायद्यात विषारी द्रव्यांची एक सूची आहे आणि त्यातील घटक असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती ओळ डबीवर बहुधा सर्वांत बारीक अक्षरात असते. शिवाय ग्रंथांत सांगितलेल्या औषधाला उत्पादन परवाना मिळवताना परिणामकारकतेची नव्याने चाचणी द्यावी लागत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

जाहिरातींवर लक्ष कोणाचे?

१९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व अशा अनेक आजारांवर खात्रीशीर उपचाराच्या जाहिराती करता येत नाहीत. आयुष औषधांच्या जाहिरातीआधी राज्य परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घेण्याची अट असलेला नियम १७० हा २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये मंत्रालयाने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद करताना ती स्थगिती उठवली. परिणामी ही पूर्वमंजुरीची चाळण आता नाही. जुना कायदा आहे, पण तो जाहिरात लोकांपर्यंत पोहोचल्यानंतर कामाला लागतो.

आता पुढे काय?

भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या कायद्यात पदवीनंतर व्यवसाय परवान्यासाठी राष्ट्रीय निर्गमन परीक्षेची, म्हणजे ‘नेक्स्ट’ची तरतूद आहे. ही परीक्षा २०२१-२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून लागू होईल, असे आयुष मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. या तुकडीची साडेपाच वर्षे २०२७ च्या सुमारास पूर्ण होतात. पदवी हातात असूनही परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत दवाखान्यावर पाटी न लावता येणारी आयुर्वेद डॉक्टरांची ती पहिली तुकडी असेल. आणि रुग्णच नसलेल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांना त्या परीक्षेत किती गुण पडतात, हेही तेव्हाच कळेल.